जमिनीखालची वाट

दिवाळीच्या पहाटे न्हाणीघरांत तांब्याचा बंब पेटला म्हणजे घरांतील लहानथोर मंडळी त्याच्या भोंवतीं गोळा होत. मध्यें निखाऱ्यांची नळी, तिच्या भोंवतीं पाणी, खालीं राख पडावयास जाळी आणि वर धूर जावयास धुराडें, एवढाच त्या यंत्राचा पसारा. ज्या घरीं बंब नसे तेथें परसांतील चुलाण्यावर हंडा चढे, आणि तेथून कढत पाणी घंगाळापर्यंत कोणी तरी हातानें वाहून आणी. ही इतकी परिचयाची गोष्ट आहे कीं तिच्यांत विचार करण्यासारखें कांहीं असेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. परंतु विचार करूं गेल्यास एक कोडें समोर उभें राहतें. ज्या महाराष्ट्रांत थंड पाणी कोसच्या कोस जमिनीखालून आणून वाड्याच्या चौकांत कारंजाच्या रूपानें उडविलें गेलें, त्याच महाराष्ट्रांत परसांतील चुलाण्यापासून न्हाणीपर्यंतच्या पंचवीस पावलांवर गरम पाण्याचा नळ कोणीं पुरला नाहीं. कारागीर तेच, माती तीच, चुना तोच. मग थंड पाण्यास जी वाट मिळाली ती उष्ण पाण्यास कां मिळाली नाहीं?

या कोड्याचें उत्तर एका गांवाच्या इतिहासाच्या आधारानें शोधतां येतें. चंद्रपूरच्या दक्षिणेस, वर्धा नदीच्या पूर्व तीरावर, बल्लारपूर वसलें आहे. रेल्वेच्या फलकावर त्याचें नांव बल्लारशाह असें लिहिलेलें असतें, नगराच्या कारभारांत तें बल्लारपूर म्हणून ओळखलें जातें. दोन्ही नांवें एकाच राजाच्या नांवावरून पडलीं. या एका गांवाच्या परिसरांत पाणी, कोळसा आणि वाफ या तिघांचाही संबंध जमिनीच्या पोटाशीं आलेला आहे. म्हणून जमिनीखालच्या वाटांची कथा सांगावयाची तर आरंभ येथूनच करणें सोयीचें.

गोंड राजांची जुनी राजधानी वर्धेच्या पलीकडे सिरपूर येथें होती. तेथील राजा खांडक्या बल्लाळशहा यास अंगभर गळवें उठण्याचा असाध्य रोग जडला होता, आणि राणीच्या सल्ल्यावरून त्यानें नदीच्या पूर्व तीरावर येऊन किल्ला बांधला, तोच बल्लारपूरचा किल्ला, अशी दंतकथा आहे. पंधराव्या शतकांतील ही हकीकत मानली जाते. पुढें तोच राजा शिकारीस गेला असतां तहानेनें व्याकुळ झाला, झरपट नदीच्या कोरड्या पात्रांत त्यास एका खळग्यांत थोडें पाणी आढळलें, त्यानें तें पिऊन हातपाय धुतले आणि त्या रात्रीं त्यास प्रथमच गाढ झोंप लागली. गळवें नाहींशीं झालीं. त्या स्थळीं अंचलेश्वराचें देऊळ झालें, आणि त्याच्या भोंवतीं चांद्याचें नवें नगर उभें राहिलें. कथेंतील चमत्कार बाजूस ठेवला तरी तिचा गाभा ध्यानांत घेण्यासारखा आहे. एका राज्याची राजधानी जमिनीखालून झिरपणाऱ्या ओंजळभर पाण्याच्या मागें गेली, असें तेथील लोकांनीं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलें. ज्या प्रदेशांत वैशाख-ज्येष्ठांत पारा 45 अंशांच्या वर चढतो, त्या प्रदेशानें आपल्या राजाची कथा पाण्यावर रचावी यांत नवल नाहीं.

ती कथा नुसती कथाच राहिली नाहीं. चांद्याच्या राजवटींत तलाव बांधणारास जमीन देण्याची रीत होती, आणि पूर्वेकडील मुलखांत आजही दिसणाऱ्या असंख्य तलावांच्या मुळाशीं तेंच उत्तेजन आहे. खुद्द चांद्याच्या तटाच्या आंत रामाळा तलाव आहे. त्याचें पाणी जमिनीखालच्या नळांनीं शहरांत आणण्याची सोय गोंड राजांच्या काळांत करण्यांत आली होती. रानावनांत राज्य करणारे म्हणून ज्यांची बोळवण इतिहासाच्या पुस्तकांत दोन ओळींत होते, त्या राजांनीं आपल्या राजधानींतील प्रजेसाठीं हें केलें, ही गोष्ट विसरण्याजोगी नाहीं.

चांद्याचें हें काम एकाकी नव्हतें. सतराव्या आणि अठराव्या शतकांत मराठी मुलखांत आणि त्याच्या कडेच्या शहरांत अशीं अनेक कामें झालीं. बुऱ्हाणपुरास 1615 सालीं तबकातुल अर्ज नांवाच्या इराणी जाणकारानें सातपुड्याच्या पायथ्याचें भूमिगत पाणी हेरून तें खोल बोगद्यांतून शहराकडे वळविलें. त्या वेळीं तेथें अब्दुर्रहीम खानखानान याचा अंमल होता. या योजनेस कुंडी भंडारा म्हणतात, कारण बोगद्याच्या माथ्यावर ठराविक अंतरानें विहिरींसारख्या शंभरांहून अधिक कुंड्या आहेत. त्याच सुमारास मलिक अंबर यानें खडकी शहरास, म्हणजे पुढच्या औरंगाबादेस व आजच्या छत्रपति संभाजीनगरास, डोंगराच्या कुशींतून नहर आणली. विजापुरास महंमद आदिलशहाच्या काळांत, 1651 सालीं, बेगम तलाव बांधला गेला आणि त्याचें पाणी मातीच्या नळांनीं शहरांत खेळविलें गेलें. पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं अठराव्या शतकाच्या मध्यास कात्रजच्या तलावापासून शहरापर्यंत दगडी नळ घातला. तो कांहीं ठिकाणीं इतका प्रशस्त आहे कीं त्यांतून माणूस चालूं शकतो.

या चारही कामांचे कर्ते निरनिराळे, धर्म निरनिराळे, भाषा निरनिराळ्या. तरीही जमिनीशीं व्यवहार करतांना त्या सर्वांना तेच धडे शिकावे लागले. पहिला धडा उताराचा. पाणी फार वेगानें धांवलें तर नळाचे सांधे उखडतें, फार सावकाश चाललें तर गाळ बसवितें. म्हणून उतार बेताचा आणि अखंड असावा लागतो. दुसरा धडा श्वासाचा. बंद नळांत हवा कोंडली कीं पाणी अडतें. म्हणून ठिकठिकाणीं नळास वर तोंड द्यावें लागतें. पुण्यांत या तोंडांना उच्छ्वास म्हणत. शब्द किती समर्पक आहे! जमिनीखालीं गाडलेली वस्तु जिवंत राहावयाची तर तिला श्वास घेतां आला पाहिजे, हें त्या एका शब्दांत सांगितलें आहे. तिसरा धडा दाबाचा. विजापूरकरांनीं आपले नळ कोठें पंधरा तर कोठें पन्नास फूट खोल घातले, त्यांच्या भोंवतीं चुनेगच्ची बांधकाम केलें, आणि वाटेंत गंज नांवाचे उंच मनोरे उभारले. पाणी त्या मनोऱ्यांत चढे, तेथें त्याचा जोर मोडे आणि मग तें पुढें जाई. पाणचक्कीच्या कारागिरांनीं हाच दाब उलट कामाला लावला. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलें पाणी एका भिंतीच्या पोटांतून त्यांनीं वर चढविलें आणि तेथून खालीं सोडून त्यावर दळणाचें जातें फिरविलें.

चौथा धडा मात्र सर्वांत महत्त्वाचा, आणि तो सहज नजरेआड होतो. कुंड्या, उच्छ्वास, गंज ही सारीं बांधकामें पाण्याच्या सोयीसाठीं झालीं खरीं. परंतु त्यांनीं आणखी एक काम केलें. जमिनीखालीं नळ कोठून जातो हें त्यांनीं जमिनीवर लिहून ठेविलें. कुंडी भंडाऱ्याची ओळ आजही उन्हांत उभी आहे, म्हणून तेथें उतरून गाळ काढतां येतो. राजवटी गेल्या, दप्तरें जळालीं, कागद वाळवीनें खाल्ले. परंतु ज्याच्या डोक्यावर दगडाची खूण होती तो नळ पुढच्या पिढीस सांपडला.

आतां उष्णतेकडे वळावें. आपल्याकडे उष्ण स्नान आणि वाफारा यांची परंपरा फार जुनी आहे. बौद्धांच्या विनयपिटकांत भिक्षूंसाठीं जंताघर, म्हणजे शेकण्याचें व स्नानाचें घर, सांगितलें आहे, आणि त्यास धूर जाण्यासाठीं नळी असावी याचाही उल्लेख आहे. चरकसंहितेंत जेंताक नांवाचा स्वेदविधि वर्णिला आहे. त्यासाठीं गोल घर बांधून मध्यें भट्टी ठेवावी असें सांगितलें आहे. या दोन्हींत एक गोष्ट समान आहे. अग्नि खोलींतच आहे. उष्णता कोठून आणावयाची नाहीं. माणसानेंच उष्णतेजवळ जावयाचें आहे.

पुढें इराणी वळणाचे हमाम दख्खनेंत आले. दौलताबादच्या किल्ल्यांत आणि बुऱ्हाणपुरास तापीच्या कांठच्या शाही महालांत त्यांचे नमुने पाहावयास मिळतात. येथें मात्र एक नवी कल्पना दिसते. भट्टी स्नानगृहाच्या बाहेर, भिंतीपलीकडे. जाळ घालणारा सेवक बाहेरच्या बाजूस, स्नान करणारा आंत. धूर, राख आणि लाकूडफांटा यांचा उपद्रव आंत नाहीं. गरम पाणी भिंतींतल्या मातीच्या नळींतून हौदांत उतरे, आणि तप्त हवा फरशीखालून फिरे. रोमन लोकांनींही आपल्या स्नानगृहांत फरशीखालून अशीच गरम हवा फिरविली होती. घर एकीकडे आणि अग्नि दुसरीकडे, ही आजच्या अर्थानें बाहेरच्या बॉयलरची कल्पनाच होय. परंतु अंतर किती? एका भिंतीचें! बादशहांच्या तिजोरींत पैशाची वाण नव्हती, तरीही भट्टी शंभर पावलांवर नेण्याचें धाडस त्यांच्या कारागिरांनीं केलें नाहीं.

त्याचें कारण निसर्गनियमांत आहे. थंड पाणी जमिनींतून नेतांना जमीन ही मित्र असते. ती पाण्यास ऊन लागूं देत नाहीं, नळास आधार देते, पाणी आटूं देत नाहीं. उष्ण पाणी नेऊं लागतांच तीच जमीन चोर होते. उष्णता उष्ण पदार्थाकडून थंड पदार्थाकडे सतत जात राहते, आणि नळाच्या भोंवतीं असलेल्या सगळ्या पृथ्वीस ऊब देण्याइतकी शक्ति कोणत्याही चुलाण्यांत नाहीं. त्यांतही ओली जमीन अधिक घातकी. कोरडी वाळू उष्णता जितक्या सावकाश वाहून नेते त्याच्या पांच-सहा पट वेगानें तीच वाळू भिजल्यावर नेते. बल्लारपुरासारख्या ठिकाणीं, जेथें पावसाळ्यांत 50 इंचांच्या आसपास पाऊस पडतो आणि शेजारची वर्धा दुथडी भरून वाहते, तेथें उघड्या मातीच्या नळांतून कढत पाणी सोडलें तर न्हाणीपर्यंत तें कोमट होऊनच पोंचेल. परसांतून हंडा हातानें वाहून आणणारी घरची बाई उष्णताशास्त्र शिकली नव्हती. पण जें करीत होती तें त्या काळाच्या साधनांत सर्वांत शहाणपणाचेंच होतें. तिच्या कष्टांचा हिशेब मात्र कोणीं ठेविला नाहीं.

याला अपवाद एकच होता, आणि तो निसर्गाच्या औदार्यावर उभा होता. फ्रान्समधील शोद-एग या गांवीं 80 अंशांहून अधिक उष्णतेचा झरा आहे. चौदाव्या शतकापासून तेथील लोकांनीं तें पाणी लाकडी नळांतून घरोघर खेळवून घरें उबदार ठेविलीं. तेथें इंधन फुकट होतें; वाटेंत कितीही गळती झाली तरी पृथ्वी मागून आणखी देत होती. ज्यास लाकूड तोडून जाळावें लागतें त्यास ही चैन परवडणारी नव्हती.

कोडें सोडविण्यास नवें साधन हवें होतें, आणि तें वाफेच्या रूपानें आलें. चंद्रपूर जिल्ह्यांत तिचें आगमन कोळशाबरोबर झालें. वरोऱ्याची सरकारी खाण 1871 च्या सुमारास सुरूं झाली आणि 1906 सालीं बंद पडली. त्याच सुमारास, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत, बल्लारपूरची खाण पुढें आली. ज्या खडकांत हा कोळसा सांपडतो त्यांना भूगर्भशास्त्रज्ञांनीं गोंडवन हें नांव दिलें. गोंडांच्या राज्यावरून घेतलेलें तें नांव पुढें जगभर पसरलें, आणि दक्षिण गोलार्धांतील एका प्राचीन महाखंडासही लागलें. बल्लाळशहाच्या वंशजांचें राज्य गेलें. त्यांच्या लोकांचें नांव मात्र जगाच्या नकाशावर राहिलें.

खाणींत वाफेची गरज मुख्यतः पाण्यामुळें पडे. नदीकांठच्या खाणींत पाणी रात्रंदिवस झिरपतें, आणि तें उपसण्यास पंप लागतो. विजेचा प्रसार होण्यापूर्वीं सर्वत्र रीत अशी होती कीं बॉयलर वर, विवराच्या तोंडाशीं ठेवावयाचे, आणि वाफ लोखंडी नळांतून खालीं पंपापर्यंत न्यावयाची. म्हणजे घर जमिनीखालीं आणि चूल बाहेर! येथें उष्णतेच्या चोरीचा प्रश्न प्रथमच पैशांत मोजला जाऊं लागला. नळांतून जातांना वाफ थंडावे, तिचें पाणी होई, आणि वर जाळलेल्या कोळशाचा मोठा हिस्सा खाण तापविण्यांतच खर्ची पडे. आंत काम करणाऱ्या मजुरास त्या उष्म्याचा भोग निराळाच. नळाभोंवतीं उष्णतारोधक वेष्टण गुंडाळणें आणि निवलेलें पाणी वेळच्या वेळीं बाहेर काढून टाकणें, या दोन विद्या अशा ठिकाणीं माणूस शिकला.

याच काळांत अमेरिकेंत एका गृहस्थानें परसांतील प्रयोगास नगररचनेचें रूप दिलें. न्यूयॉर्क संस्थानांतील लॉकपोर्ट गांवचा बर्डसिल हॉली हा यंत्रज्ञ शहरांच्या पाणीपुरवठ्याच्या यंत्रांसाठीं आधींच प्रसिद्ध होता. त्यानें आपल्याच घराच्या आवारांत वाफेचे नळ पुरून, त्यांना वेष्टण घालून, उष्णता किती अंतरापर्यंत टिकते हें पाहिलें. प्रयोग साधला, आणि 1877 सालीं लॉकपोर्टच्या रस्त्यांखालून घरोघर वाफ जाऊं लागली. प्रत्येक घरची चूल विझवून सर्व गल्लीची एक चूल करावयाची, असा तो विचार होता. 1882 सालीं न्यूयॉर्क शहरानें तो उचलला, आणि त्या शहराच्या रस्त्यांखालून अद्यापही वाफ वाहत आहे. परसांतला एक नळ आणि महानगराचें जाळें यांत तत्त्वाचा भेद नाहीं. भेद केवळ लांबीचा आहे.

बल्लारपुरास वाफेचा दुसरा अवतार कागदाच्या गिरणीबरोबर आला. येथील गिरणीची कंपनी 1945 सालीं स्थापन झाली. कागदासाठीं लागणारा बांबू चांद्याच्या जंगलांत होता, कोळसा पायाखालीं होता, पाणी वर्धेंत होतें, आणि काझीपेठचा लोहमार्ग 1929 सालीं पुरा झाल्यापासून उत्तर आणि दक्षिण हिंदुस्थान येथें जोडले गेले होते. कागद करणें म्हणजे निम्म्याहून अधिक काम वाफेचें. बांबूच्या ढलप्या मोठमोठ्या पात्रांत क्षारांसह वाफेनें शिजवाव्या लागतात, आणि ओला कागद वाफेनें तापविलेल्या पोकळ रुळांवरून फिरवून वाळवावा लागतो. अशा कारखान्यांत वाफेचे जाड नळ बहुधा खांबांवरून उघड्या आकाशाखालून गेलेले दिसतात. ते जमिनींत कां पुरीत नाहींत, असा प्रश्न पाहणाऱ्यास पडतो. उत्तर तेंच जुनें आहे. उघड्यावर वारा थोडी उष्णता नेतो, पण नळ कोरडा राहतो, डोळ्यांसमोर राहतो, आणि बिघडला तर त्याच दिवशीं कळतो. ज्यास जागा आहे त्यानें वाफेस जमिनीखालीं न पाठविणें बरें. शहरास व घरास ही मोकळीक नसते.

म्हणून घरापासून बाहेरच्या बॉयलरपर्यंत नळ पुरण्याची वेळ येते तेव्हां मागील सर्व धडे एका चरांत एकत्र येतात. थंड देशांतील खेड्यांत आज लाकडावर चालणारे बॉयलर घरापासून दूर, अंगणाच्या कडेस ठेवितात, म्हणजे धूर आणि आगीचें भय घरास लागत नाहीं. तेथून गरम पाणी नेणारा एक आणि निवलेलें पाणी परत आणणारा दुसरा, असे दोन नळ चरांतून जातात. ते एकमेकांस चिकटून गेले तर जाणारें पाणी येणाऱ्या पाण्यासच ऊब देत बसतें. म्हणून त्यांच्यामध्यें रोधक हवा. त्यांच्यावर फेसासारख्या पदार्थाचें वेष्टण आणि त्यावर पाणी न शिरणारें कवच हवें, कारण वेष्टण भिजलें कीं तें वेष्टण राहत नाहीं. असे आधींच वेष्टण घालून तयार केलेले नळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत डेन्मार्कसारख्या देशांनीं प्रचारांत आणले, आणि शहरेंच्या शहरें त्यांवर तापूं लागलीं.

दुसरी गोष्ट प्रसरणाची. 30 मीटर लांबीचा पोलादी नळ 25 अंशांवरून 85 अंशांपर्यंत तापला तर दोन सेंटिमीटरांहून थोडा अधिक वाढतो. दोन सेंटिमीटर म्हणजे बोटाची रुंदी. पण दोन्ही टोकें भिंतींत पक्कीं केलीं असतील तर एवढ्यानें सांधा निखळतो किंवा भिंत तडकते. म्हणून नळास कोठें तरी वळण द्यावें लागतें. काळ्या मातींत तर संकट दुहेरी आहे. ती पावसाळ्यांत फुगते आणि उन्हाळ्यांत हातभर भेगा पाडते. तींत पुरलेला नळ आपण हलला नाहीं तरी जमीन त्यास हलविते. अशा ठिकाणीं चराच्या तळास वाळूची बिछाईत घालून, पाणी वाहून जाण्यास उतार ठेवून, मगच नळ ठेवणें शहाणपणाचें. विजेची तार त्याच चरांत न्यावयाची असल्यास ती निराळ्या नळींत आणि गरम नळापासून अंतरावर असावी. सांडपाण्याची वाट पिण्याच्या पाण्याच्या खालून जावी, वरून जाऊं नये. यांतील एकही नियम नवा नाहीं. उतार बुऱ्हाणपूरचा आहे, बांधीव आवरण विजापूरचें आहे, श्वास पुण्याचा आहे.

ओलाव्याकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें हें न्यूयॉर्कनेंच 2007 सालीं दाखविलें. जुलैच्या 18 तारखेस, पाऊस पडून गेल्यावर, शहराच्या मध्यभागीं 1924 सालीं घातलेला वाफेचा नळ फुटला. रस्ता फाटून चिखल आणि वाफ यांचा लोट इमारतींच्या उंचीइतका उसळला, एक जीव गेला आणि अनेक जखमी झाले. पावसाचें पाणी नळाभोंवतीं सांचलें, नळांतली वाफ झपाट्यानें निवून तिचें पाणी झालें, आणि तें पाणी बाहेर टाकणारीं साधनें तुंबलेलीं असल्यानें आंतल्या आंत घणाचा घाव बसला. तुंबलेला उच्छ्वास तीन शतकांपूर्वीं पाण्याचा प्रवाह अडवीत असे. वाफेच्या युगांत तो प्राण घेऊं लागला.

परंतु या सर्वांहून मोठें संकट विस्मृतीचें आहे. जमिनीवरची वस्तु मोडली तरी तिचे अवशेष दिसतात. जमिनीखालची वस्तु बुजविली कीं ती जणूं नाहींशीच होते. ती नाहींशी झालेली नसते. केवळ माणसाच्या स्मृतींतून गेलेली असते. खाणींच्या इतिहासांत या विस्मृतीची किंमत भयंकर आहे. 27 डिसेंबर 1975 या दिवशीं धनबादजवळच्या चासनाला खाणींत शेजारच्या जुन्या, पाण्यानें भरलेल्या कामाची भिंत फुटली, आणि आंत काम करीत असलेले 370 हून अधिक कामगार बुडाले. जुनें काम नेमकें कोठवर आलें आहे आणि मध्यें दगड किती उरला आहे, हें खाणीच्या नकाशानें सांगावयाचें असतें. म्हणूनच खाण सोडून देतांनाही तिचे नकाशे जतन करावे असें कायदे सांगतात. बल्लारपूरसारख्या गांवीं, जेथें पिढ्यान्‌पिढ्या माणसें जमिनीखालच्या अंधारांत उतरलीं, तेथें नकाशा ही कारकुनाची वस्तु राहत नाहीं. खालीं गेलेला मनुष्य संध्याकाळीं घरीं परत येईल कीं नाहीं, हें त्यावरील एका रेषेवर अवलंबून असतें.

घरच्या चरास हा नियम लागूं नाहीं असें मानणें चुकीचें होय. परसांत नळ पुरणारा गृहस्थ तो कोठून जातो हें आज जाणतो. दहा वर्षांनीं तो आठवून सांगतो. तीस वर्षांनीं त्याचा मुलगा तेथें आंब्याचें रोप लावण्यास कुदळ मारतो. चर बुजविण्यापूर्वीं भिंतीच्या कोपऱ्यापासूनचीं अंतरें मोजून कागदावर लिहावीं, नळाच्या वर हातभर अंतरावर रंगीत पट्टी अंथरावी, आणि प्रत्येक वळणावर जमिनीवर एक दगड रोवावा, एवढें काम अर्ध्या दिवसाचें आहे. पुढच्या पिढीची कुदळ त्या अर्ध्या दिवसानें वांचते.

चांद्याच्या तटाच्या वेशींवर गोंड राजांनीं आपलें राजचिन्ह कोरून ठेविलें आहे. सिंह हत्तीस दाबून धरीत आहे असें तें शिल्प आहे. तटाखालून जाणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेस तें आजही पडतें, आणि त्या राजांचें सामर्थ्य सांगतें. रामाळ्याच्या पाण्यानें घागर भरून नेणाऱ्या बायांच्या पायांखालीं जे नळ होते ते कोणाच्याही नजरेस पडत नाहींत. तरी राज्य कसें होतें हें त्या नळांनींच अधिक खरेपणानें सांगितलें असतें. बल्लारपूरच्या किल्ल्याच्या तटावर उभें राहिलें तर खालून वर्धा वाहतांना दिसते, आणि गांवाच्या बाजूस कोळशाच्या व कागदाच्या कामांनीं उभें केलेलें नगर दिसतें. यांतलें निम्में काम जमिनीखालीं आहे. तें करणारांनीं आपल्या वाटेवर एक दगड रोवून ठेवावा, आणि मागून येणारांनीं तो उपटूं नये.